सात सत्तावन्न

"इथं थांबू. हा कोपरा मोजायचा राहिलाय," असं म्हणून कुमुदिनीताईंनी पाठीवरची पिशवी गवतात टेकवली, आणि मंजूषानं मनातल्या मनात गजाननाचे आभार मानले. बसमधून उतरल्यापासून दोघी चालतच होत्या. आधी पाइनची झाडी, मग जांभळ्या फुलांनी भरलेला उघडा माळ, मग पुन्हा झाडी, आणि सगळीकडे वाळू. फेलुवेच्या ह्या डच जंगलात वाळू इतकी, की पाऊल टाकावं तर निम्मं मागंच राहतं. त्यात मंजूषाची संकष्टी. पायात लेकाचे जुने बूट, पोटात सकाळची वाटीभर साबुदाण्याची खिचडी. ताई साठी ओलांडलेल्या, पण आयुष्यभर मक्याच्या सरींमधून फिरलेली बाई. त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता.

समोर मक्याचं शेत होतं, पुरुषभर उंच वाढलेलं. त्याच्या आणि झाडीच्या मध्ये गवताचा मोकळा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला लाकडी मचाण. आज संध्याकाळी ताई त्या मचाणावर रायफल घेऊन बसणार होत्या. गेल्या नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. रायफल विलेम आपल्या गाडीतून घेऊन येणार होता. विलेम म्हणजे ताईंच्या शिकारी गटाचा प्रमुख. मंजूषा आली होती ती फक्त सोबतीला आणि फीत धरायला.

"तू त्या चराशी जा. हां, तिथंच उभी राहा. हलू नकोस."

मंजूषा शेताच्या कडेच्या चराशी जाऊन उभी राहिली. ताईंनी मचाणाच्या पायरीवर चढून दुर्बिणीसारखं यंत्र डोळ्याला लावलं, आकडा बघितला आणि हात हलवला. मंजूषानं खुंट्याला लाल फीत बांधली.

"किती आलं?"

"पंच्याण्णव मीटर. ही माझी हद्द. डुक्कर फितीच्या पलीकडं असेल तर चापाला बोटसुद्धा लावायचं नाही."

"आणि पलीकडं चांगलं धष्टपुष्ट उभं असलं तर?"

"तर नमस्कार करायचा आणि थर्मासमधला चहा प्यायचा."

मंजूषा हसली. पिशवीतला दाण्याच्या लाडवाचा डबा काढून दोघी गवतात बसल्या.

कुमुदिनीताईंना मंजूषा ओळखायची ती इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीपासून. मोदकांची उकड कुणाची फाटली की हाक ताईंनाच. राहुरीला शेतकी शिकून ताई इथं वाखनिंगनच्या विद्यापीठात आल्या त्या मक्यावर संशोधन करायला; मग इथल्याच एका बियाणांच्या कंपनीत लागल्या आणि राहिल्या. नवरा शशिकांत, स्वभावानं गरीब, जिभेनं तिखट. ताईंच्या घरात रायफल आहे हे कळलं, तेव्हा मंजूषा महिनाभर त्यांच्याकडं पाणी प्यायला गेली नव्हती. रागानं नाही. कसं बोलावं तेच कळेना. आपल्यात मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकतात, आणि ही बाई रानडुकरं मारते.

मारायला लागण्याचं कारण मकाच. ताईंनी कित्येक वर्षं खपून तयार केलेलं एक वाण होतं, थंडीत तग धरणारं. त्याचे वाफे एका रात्रीत रानडुकरांनी नांगरून टाकले. सकाळी ताई बांधावर उभ्या राहून रडल्या. शेजारचा म्हातारा शेतकरी खेरिट आला, त्यानं टोपी काढली. संध्याकाळी म्हणाला, "मचाणावर बसायला येतेस?" ताई गेल्या. त्यानं एकच बार टाकला. डुक्कर होतं तिथंच बसल्यासारखं खाली आलं. त्या एका बारानंतर ताईंना दोन गोष्टी कळल्या म्हणे: हे काम कुणालातरी करावंच लागतं, आणि करायचं तर असंच करावं.

मग परवान्याची परीक्षा. पहिल्या खेपेला त्या बदकांत नापास झाल्या. "चोवीस जातींची बदकं दाखवली गं, आणि मला सगळी बदकंच दिसली." दुसऱ्या खेपेला पास. घरी बंदुकीचं कपाट पाहायला पोलीस आला तेव्हा ताई आंघोळीला गेलेल्या. शशिकांतना डच भाषेतला 'कपाट' एवढाच शब्द कळला, आणि त्यांनी मोठ्या अदबीनं देवघराची दारं उघडली. पोलिसानं गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा सगळं नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "सुंदर. पण रायफल कुठे आहे?"

"ताई," लाडू खाता खाता मंजूषानं विचारलं, "त्या काडतुसांच्या खोक्यावर सात, फुली आणि सत्तावन्न लिहिलेलं असतं, ते काय हो? मला वाटलं गुणाकार आहे."

"मग? केलास का?"

"केला की. तीनशे नव्याण्णव."

ताई एवढ्या जोरात हसल्या की झाडीतून एक कबुतर फडफडत उडालं. "अगं, मीपण तेच केलं होतं! खेरिटच्या स्वयंपाकघरात. त्यानं खोका पुढं केला, आणि आपलं मराठी शाळेतलं तोंड, फुली दिसली की आपोआप चालतं. म्हटलं, तीनशे नव्याण्णव! तो म्हातारा बिचारा खोक्यातली काडतुसं मोजायला बसला."

"मग खरं काय ते?"

"सात म्हणजे गोळीची जाडी, सत्तावन्न म्हणजे पितळी नळकांड्याची लांबी. मिलिमीटरात. बस. सव्वाशे वर्षांहून जुनं काडतूस आहे. खेरिटच्या बापानं ह्याच रायफलीनं मारलं, खेरिटनं मारलं. त्याचे हात कापायला लागले तेव्हा त्यानं ती मला दिली. आणि माझ्या हातात आल्यावर..."

नोव्हेंबरात काहीतरी झालं होतं एवढं मंजूषाला ठाऊक होतं. शशिकांतनी मंडळाच्या दिवाळीत हळू आवाजात सांगितलं होतं, की कुमुद जेवत नाही, आणि त्यांनी तिला म्हटलंय, आता वांगी लाव, वांगी पळत नाहीत. पण ताईंच्या तोंडून तिनं ते ऐकलं नव्हतं. आज त्या आपणहून सांगू लागल्या.

ज्या रानात ताईंचा गट जातो तिथं गेल्या वर्षीपासून शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. मारलेल्या जनावराची आतडी जंगलात राहतात, ती गरुड-घारी खातात, शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात आणि पक्षी मरतात. ताईंना नियम पटला. त्यांनी तांब्याच्या गोळ्या आणल्या. खेरिट जेवढ्या वजनाची शिशाची गोळी वापरायचा, तेवढ्याच वजनाची तांब्याची. एवढंच केलं. नोव्हेंबरात ह्याच मचाणावरून त्यांनी एका तरण्या डुकरावर बार टाकला. अंतर जरा जास्त होतं, पण नेम बरोबर होता. डुक्कर एकदा थरथरलं आणि झाडीत पळालं.

"खाली पडेल, आत्ता पडेल, म्हणून वाट बघितली. मग माग काढणाऱ्या कुत्र्याला बोलावलं. अंधार पडला, पाऊस आला. सापडलं दुसऱ्या दिवशी सकाळी." ताईंनी डब्याचं झाकण लावलं. "जिवंत होतं, मंजू. माझ्याकडं बघत होतं."

झाडीत कुठंतरी सुतार पक्षी टकटक करत होता.

"मग संपवलं त्याला. आमच्याकडं एक रीत असते. म्हणजे ह्या लोकांची. जनावर पडलं की त्याच्या तोंडात एक हिरवी डहाळी ठेवायची. शेवटचा घास म्हणतात त्याला. टोपी काढून उभं राहायचं. खेरिटनं पहिल्या दिवशी ठेवली ती बघूनच मी ह्याच्यात पडले गं. त्या सकाळी विलेमनं माझ्या हातात ओकची डहाळी दिली. मी ती खाली टाकली आणि गाडीत जाऊन बसले. त्याच्या तोंडात घास ठेवायला मला तोंडच नव्हतं."

मंजूषाचे वडील गेले तेव्हा ती इथं होती. तुळशीपत्र चुलतभावानं ठेवलं. तिनं ते फोनवर बघितलं, तेही मधेच चित्र अडकत अडकत. ते तुळशीपत्र आणि ही डहाळी एकच, असं तिला म्हणायचं नव्हतं. कुठं बाप आणि कुठं डुक्कर. पण ज्या हातानं मारलं त्याच हातानं घास भरवायचा, आणि नीट मारलं नसेल तर त्या हाताचा हक्कच जातो, हे तिला न सांगता कळलं. महिनाभर जिच्या घरचं पाणी प्यायली नव्हती त्या बाईचा हात तिनं धरला. ताईंनी तो काही क्षण राहू दिला, मग सोडवून घेतला आणि उठल्या.

"चल. पलीकडची बाजू मोजायची आहे. बसून अंग आंबतं."

चालताना पुढचं सांगणं चालू राहिलं. त्यातलं बरंच मंजूषानं स्वतःच पाहिलं होतं.

विलेमनं कॉफी पिता पिता निकाल दिला होता. "कुमू, काडतूस म्हातारं झालंय. ती रायफल भिंतीवर टांग, खाली एक फुलदाणी ठेव, आणि नवीन घे." तो वाईट माणूस नव्हता. स्वतःची मोठी रायफल त्यानं ताईंना वापरून बघायला दिली. ताई अंगानं लहान चणीच्या. पहिल्याच बाराला त्या रायफलीनं खांद्याला असा दणका दिला, की पुढच्या प्रत्येक बाराला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागले. नेम गेला इकडं तिकडं. "जोर भरपूर, पण डोळे मिटून टाकलेल्या जोराचं काय करू?" असं म्हणत ताईंनी ती रायफल परत केली.

घरी शशिकांत म्हणाले, सोडून दे. ताई म्हणाल्या, "सोडायचं तर सोडीन. पण दोष कुणाचा ते कळल्याशिवाय नाही. काडतुसाचा, गोळीचा, का माझा."

आणि बाईनं जसं पीक तपासण्यात आयुष्य घातलं होतं, तसंच हे तपासायला घेतलं. नेमबाजीच्या रेंजवाल्याची परवानगी काढली. दुधाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून एकामागं एक मांडायचे, त्यांच्यावर बार टाकायचा, आणि अडकलेली गोळी काढून बघायची. कॅन हवेत म्हणून घरात दूधच दूध. पनीर, दही, बासुंदी, पुन्हा पनीर. शशिकांत मंडळात सांगत फिरायचे, "आमच्याकडं बंदूक बायको चालवते, पण दुधानं मी मरणार."

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मंजूषा मदतीला गेली होती. मसालेभाताची फोडणी तिच्याकडं. ओट्यावर स्टीलची वाटी होती, आणि वाटीत लवंगा. चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, वर चार पाकळ्या उमललेल्या. तिला वाटलं, ह्या देशात सगळंच मोठं मिळतं, लवंगासुद्धा मोठ्याच मिळत असतील. चिमटीत दोन उचलल्या तर थंडगार, जड. तेवढ्यात ताई ओरडल्या, "मंजू, ठेव! त्या गोळ्या आहेत!"

सगळ्या बायका धावत आल्या. भात वाचला. हसून हसून कुणी जमिनीवर बसलं. पण ताई हसल्या नव्हत्या. त्यांनी दुसरी वाटी आणून पहिलीशेजारी ठेवली. त्यातल्या गोळ्या होत्या तशाच राहिलेल्या, टोकदार, मिटलेल्या.

"हे बघ," त्या मंजूषाला म्हणाल्या होत्या, आणि आवाज एकदम कामावरचा. "ह्या मिटलेल्या, नोव्हेंबरात वापरली त्याच जातीच्या. जड. शिसं मऊ असतं, सावकाश गेलं तरी आत जाऊन पसरतं. तांबं कडक. ते उमलायला वेग लागतो. माझ्या जुन्या काडतुसात दारू बेताची, आणि मी त्याच्यावर लादली जड गोळी. ती सावकाश गेली, मिटलेलीच आरपार निघाली. सुई टोचल्यासारखी. आणि ही बघ, तू लवंग समजलीस ती. हलकी गोळी. काडतूस तेच, रायफल तीच. वेगानं जाते, आणि उमलते."

"म्हणजे काडतूस चांगलं?"

"काडतूस आहे तसंच आहे. चूक माझी. खत नवं दिलं आणि मात्रा जुन्याच हिशेबानं ठेवली. जुन्या वाणाला नावं ठेवण्याआधी त्याला काय हवं ते विचारावं लागतं. मला हे कुणी सांगावं? मी कामावरच्या नव्या पोरांना हेच शिकवलं गं इतकी वर्षं."

ते चैत्रात. त्यानंतर सगळा उन्हाळा ताई रेंजवर जात राहिल्या. जवळून, लांबून, बसून, मचाणाच्या कठड्यासारख्या फळीवर टेकून. दीडशे मीटरवरसुद्धा लवंग उमलत होती. मग हद्द शंभराच्या आतच का, असं मंजूषानं आता चालता चालता विचारलं.

"कारण रेंजवर पाऊस नसतो, आणि पाण्याचा कॅन चालत नाही. वाणाचा आकडा देताना सगळ्यात चांगला वाफा बघायचा नसतो, सगळ्यात वाईट बघायचा असतो. कुणाला दोनशे मीटरवर मारायचं असेल त्यानं नवीन घ्यावं, विलेमचं खरं आहे. मला नाही मारायचं. मी जवळ येईपर्यंत बसून राहीन. म्हातारं काडतूस, म्हातारी बाई. दोघांनाही घाई नाही."

पलीकडची बाजू मोजून झाली. दुसऱ्या खुंट्याला फीत बांधताना मंजूषानं मनात घोळत असलेलं शेवटी विचारलंच. ती आडपडदा ठेवून बोलणारी नव्हती.

"ताई, राग मानू नका. एवढा आटापिटा करण्यापेक्षा सोडूनच का देत नाही? तुम्हाला एवढा त्रास झाला. देवानंच सांगितलं असेल, की पुरे."

ताईंनी राग मानला नाही. त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं. वाऱ्यानं पानं एकमेकांवर घासत होती.

"किती डुकरं कमी करायची ते वर, सरकारात ठरतं. मी नाही मारलं तर दुसरा कुणी मारेल. तो कदाचित दोनशे मीटरवरून मारेल. मी सोडलं म्हणून डुक्कर वाचत नाही, मंजू. फक्त माझे हात स्वच्छ राहतात. मला त्याचं काय करायचंय? देव म्हणतेस, तर त्या सकाळी मी देवाला विचारलं होतं. देवघरासमोर बसून. उत्तर काही आलं नाही. पण उठताना एवढं कळलं, की मी पळून गेले तर ते डुक्कर नुसतंच तडफडलं असं होईल. त्याचं काहीतरी झालं पाहिजे. निदान पुढचं तरी तडफडू नये."

मंजूषाला हे सगळं पटलं असं नाही. ती घरी गेल्यावर दिवा लावताना त्या जनावराची क्षमा मागणारच होती, आजही आणि पुढंही. पण तिला मक्याच्या बांधावर उभी असलेली ही बुटकी बाई दिसत होती, टोपीखालून पांढरे केस बाहेर आलेले, आणि तिला वाटलं, माफी मागायला आपल्याला दिवा तरी आहे. हिला ती माफी हातानंच करून दाखवायचीय.

ऊन तिरपं झालं. लांबून गाडीचा आवाज आला. विलेमची जीप वाळूतून डुलत येत होती. तो उतरला, रायफलीची लांब पेटी ताईंच्या हातात दिली. मंजूषाकडं बघून त्यानं मान लववली आणि ताईंना म्हणाला, "कुत्रा तयार ठेवलाय. लागणार नाही अशी आशा करू."

"आशा नको," ताई म्हणाल्या, "फोन चालू ठेव."

तो हसला आणि गाडी घेऊन झाडीच्या पलीकडं गेला. ताईंनी पेटी उघडली. जुनं अक्रोडाचं लाकूड, जिथं दोन पिढ्यांचे गाल टेकले तिथं गुळगुळीत झालेलं. त्यांनी नळी तपासली, खिशातून काडतुसं काढून एकेक उलटसुलट करून बघितली आणि परत खिशात ठेवली. रिकामी रायफल खांद्याला लावून त्यांनी एका फितीकडून दुसऱ्या फितीकडं सावकाश बघून घेतलं. हात जराही हलत नव्हता.

मग त्या मचाणाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून वळल्या.

"मंजू, वर माझ्या शेजारी बसायला येशील का? डोळे मिटलेस तरी चालतील. पण बार झाल्यावर उघड."

"मी काय करू वर येऊन, ताई? मला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणूनच तू हवीस. जनावर पडलं तर प्रश्नच नाही. पण पळालं, तर शशिकांत म्हणेल, होतं असं कधीकधी. विलेम म्हणेल, मी सांगितलं होतं. आणि मी... मी रात्रभर बसून वाऱ्याचं, पावसाचं, कशाचं तरी कारण शोधून काढीन. मला ओळखते ना मी. हुशार बाईला कारणं पटकन सापडतात." त्यांनी एक क्षण तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुझ्या जिभेला खोटं येत नाही, आणि माझी भीडही नाही. मघाशी तोंडावर विचारलंस तसंच. माझ्या गोळीनंतर ते त्या चराच्या पलीकडं किंवा झाडीत गेलं, तर तू मला तिथल्या तिथं म्हणायचं, ताई, पुरे. मी वाद घालीन, ओरडीन, तरी म्हणायचं. तू म्हणालीस की मी रायफल उद्या पोलिसात जमा करीन. एवढं करशील माझ्यासाठी?"